एकाच रेषेवरची दुपार

जून २००४ मध्ये करुणा गांगुर्डे नव्या शाळेत रुजू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "सर, सातवीचं भूगोलाचं पुस्तक ऑफिसात मिळेल का?"

प्राचार्य देवस्थळी हसले. "पुस्तक नाहीच आहे."

"मग शिकवायचं काय?"

त्यांनी एक जाडजूड फाइल तिच्या हातात ठेवली. शाळा नाशिकच्या गंगापूर रोडला, द्राक्षबागांच्या शेजारी नवीनच उभी राहिली होती. त्या वर्षापासून सहावी ते आठवीला परदेशातल्या एका मंडळाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू होत होता. फाइलीत धडे नव्हते. प्रत्येक सत्रासाठी एक मोठा प्रश्न घ्यायचा, दोन-तीन विषय एकत्र आणायचे आणि मुलांनी उत्तर स्वतः शोधायचं. जमलं तर दुसऱ्या देशातल्या एखाद्या शाळेच्या सोबतीने. वर्षअखेरीला मार्कांबरोबर शिक्षकाने हेही लिहायचं, की हे मूल प्रश्न विचारतं का, दुसऱ्याचं ऐकून घेतं का, चुकायची तयारी ठेवतं का.

करुणाने नऊ वर्षं इंदिरानगरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला होता. तिथे वर्गात साठ मुलं. प्रश्न विचारणारं मूल म्हणजे तास लांबवणारं मूल, असं तिलाही कधीकधी वाटून गेलेलं. इथे बावीस मुलं होती आणि बहुतेकांचं इंग्रजी तिच्यापेक्षा सफाईदार होतं. ती इंग्रजी बोलायची ती जपून, अंधारात जिना उतरावा तशी. तिचे वडील मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, पुलांचे गर्डर जोडायचे. हे तिने नव्या शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, पण सांगायची वेळही तिने येऊ दिली नव्हती.

पहिलं सत्र गोदावरीच्या प्रश्नावर निभावलं. डिसेंबरमध्ये ती रेखांश शिकवत होती. मिर्झापूरजवळून जाणारी रेषा, तिथली वेळ ती सगळ्या देशाची वेळ, एका अंशाला चार मिनिटं. दरवर्षीचीच गणितं. फळ्यावर उदाहरण लिहून ती वळली तर सृष्टी खैरनारचा हात वर होता.

"मिस, आपण त्या रेषेच्या पश्चिमेला आहोत ना? मग नाशकात बारा वाजता दुपार होतच नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे सूर्य सगळ्यात उंच बारा वाजता नसेल. नंतर असेल. खरंच असतो का?"

करुणाने नऊ वर्षं ती गणितं सोडवून घेतली होती. नाशिकसाठी उत्तर पस्तीस मिनिटं येतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण बाहेर जाऊन कधी पाहिलं नव्हतं. तिने हातातला खडू खाली ठेवला. "चला, बघू."

मैदानात एक काठी रोवली. बारा वाजले तरी सावली आखडतच होती. सव्वाबारालाही. साडेबाराच्या आसपास ती थांबल्यासारखी झाली आणि मग पलीकडच्या बाजूने लांबायला लागली. जेवणाची घंटा होऊन गेली होती, पण एकही मूल हललं नाही.

"म्हणजे शाळेचं घड्याळ चुकतंय?" ओंकार नावाचा मुलगा म्हणाला.

"पण पस्तीस मिनिटं यायला हवी होती," सृष्टी म्हणाली. "तीसच कशी आली?"

"मोजताना चूक झाली असेल," करुणा म्हणाली. स्वतःलाच ते पुरतं पटलं नाही, पण त्या दिवशी तिला नवीन सत्राचा प्रश्न मिळाला होता. पृथ्वी काठीने मोजता येते का? दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एका ग्रंथपालाने ती मोजली होती. उत्तर-दक्षिण एकाच रेषेवरची, लांब लांबची दोन गावं घ्यायची. एकाच दिवशी दोन्हीकडे दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. सूर्याच्या कोनात जेवढ्या अंशांचा फरक पडतो, पृथ्वीच्या तीनशे साठ अंशांपैकी तेवढाच तुकडा त्या दोन गावांमध्ये असतो. बाकी त्रैराशिक.

मुलांनी अ‍ॅटलास उघडून पट्टी लावली. नाशिकहून सरळ वर जाताना पुरेसं लांबचं, ओळखीचं शहर लागेना. ओंकारने पट्टी जराशी उजवीकडे सरकवली.

"लाहोर!" तो ओरडला. "मिस, लाहोरपासून खाली आलं की..." तो नकाशात वाकला. "मनमाड. जवळजवळ रेषेवरच."

"मनमाड?" मागून कुणीतरी म्हणालं. "तिथे काय आहे?"

"तिथे माझं घर आहे," करुणा म्हणाली. "मी तिथेच जन्मले."

वर्ग एकदम तिच्याकडे पाहायला लागला. मग लगेच प्रश्न सुरू झाले. तुमच्या घराला अंगण आहे का? तिथे ऊन येतं का? झाडं आडवी येतात का? तिला उगाच हसू आलं.

ह्या अभ्यासक्रमाच्या शिक्षकांसाठी इंटरनेटवर एक फलक होता. लाहोरची एखादी शाळा सोबतीला मिळेल का, असं विचारत करुणाने त्यावर चार ओळी लिहिल्या. लिहिताना स्पेलिंग तीनदा तपासलं. आठवड्याने उत्तर आलं. लाहोरमधल्या एका शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका, ताहिरा बट. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत. काठीने पृथ्वी मोजता येते ह्यावर त्यांच्यापैकी एकाचाही विश्वास नाही. खरं सांगायचं तर माझाही पूर्ण नाही. म्हणूनच करू या."

मग पत्रं जायला-यायला लागली. इकडच्या मुलांनी विचारलं, तुमच्याकडे पतंग कधी उडवतात? तिकडून आलं, वसंत पंचमीच्या सुमाराला, गच्चीवर उभं राहायला जागा नसते. इकडून गेलं, आमच्या येवल्याला संक्रांतीला असंच असतं. तिकडून प्रश्न आला, तुमच्या गावात द्राक्षं असतात असं वाचलं, ती झाडाला लागतात की वेलीला? मुलं हसली. मग ओंकार म्हणाला, "हसताय काय? त्यांच्याकडे काय पिकतं ते तुम्हाला माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं.

जानेवारीत एक दिवस ठरवला. नाशिकहून मनमाडला जायची बस सांगितली, आणि आदल्या दिवशी ताहिरांचा निरोप आला. "आमच्याकडे चार दिवस सूर्यच दिसलेला नाही. धुकं एवढं की शाळेच्या दारातून फळा दिसत नाही. फेब्रुवारीत करू."

नाशिकच्या मुलांना हे खरंच वाटेना. त्यांच्या डोक्यात पाकिस्तान म्हणजे वाळवंट आणि रणरणतं ऊन होतं. करुणाने त्यांना तापमानाचे आकडे शोधायला लावले. त्याच आठवड्यात सृष्टीने घरी जेवताना सांगितलं, "पप्पा, लाहोरला आपल्यापेक्षा जास्त थंडी असते, माहितीये?"

दुसऱ्या दिवशी दिलीप खैरनार दोन पालकांना घेऊन प्राचार्यांच्या ऑफिसात बसले होते.

ते गेल्यावर देवस्थळींनी करुणाला बोलावलं. "मॅडम, सध्या थांबू या. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांची नावं, गाव, शाळा, हे सगळं पाकिस्तानात कशाला? दुसरा एखादा देश घ्या ना. सिंगापूरच्या शाळेशी आपली ओळख आहे."

"सिंगापूर त्या रेषेवर नाही, सर."

देवस्थळींनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण शाळेचं पहिलंच वर्ष होतं. "खैरनारांची समजूत काढता आली तर माझी हरकत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी मात्र काढू शकणार नाही."

रविवारी करुणा खैरनारांच्या घरी गेली. त्यांचा अंबडला साच्यांचा छोटा कारखाना होता. रस्ताभर तिने बोलायचं जुळवून ठेवलं होतं, जग जवळ येतंय, मुलांनी मोकळ्या मनाने वाढावं, फाइलीतली सगळी वाक्यं. खैरनारांनी तिला ते बोलूच दिलं नाही.

"मॅडम, माझा भाऊ कारगिलला होता. डावा पाय गुडघ्यापासून गेला त्याचा. इथेच असतो, आतल्या खोलीत झोपलाय. आता तुम्ही मला सांगा, माझी मुलगी त्यांना पतंगाची पत्रं लिहिते, ते मी भावाला कोणत्या तोंडाने सांगू?"

जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं, हे करुणाला कळलं.

"ह्यावर माझ्याकडे काही बोलायला नाही," ती म्हणाली. "पत्रं बंद करू. त्यांना मी तसं कळवीन. पण मोजणी तेवढी करू द्या. तिकडे फक्त दोन आकडे जातील. सावलीची लांबी आणि वेळ. नाव नाही, फोटो नाही."

सृष्टी दारात उभी होती. तिने आलेख कागदावर काढलेला त्रिकोण आणून वडिलांसमोर टीपॉयवर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"काठी केवढी?"

"एक मीटर," सृष्टी म्हणाली.

"कशाची?"

"लाकडाची."

"लाकूड वाकतं. आणि उभी सरळ आहे हे कशावरून ठरवणार? एक अंश कलली तर सगळं गणित गेलं तुमचं."

"ओळंबा लावून," करुणा म्हणाली. "माझे वडील लावतील. फिटर होते रेल्वेत."

"आणि टेप? शिंप्याचा असेल."

"हो."

"तो ताणला जातो." त्यांनी कागद पुन्हा उचलला, उलटा करून पाहिला, खाली ठेवला. आतून कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. "माझ्याकडे स्टीलचा आहे. गजही घेऊन येतो. पण मी स्वतः येणार, मॅडम. काय चाललंय ते डोळ्यांनी बघणार."

"या," करुणा म्हणाली.

ताहिरांना तिने सगळं खरं ते लिहून टाकलं. त्यांचं उत्तर आलं, "समजलं. इथेही दोन घरांतून विचारणा झाली आहे. आकडे तर आकडे."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी बस चांदवडवरून मनमाडला पोहोचली. मागून खैरनारांची क्वालिस. करुणाचे वडील सावळीराम दारातच उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. अंगणाचा एक तुकडा त्यांनी आदल्या दिवशीच चोपून, पाणी ओतून, ते कुठे वाहतं ते बघून समतल केला होता. त्यावर पांढरा कागद ताणून चारी कडांना विटा ठेवल्या होत्या.

"बाबा, एवढं कशाला केलंत?" करुणा म्हणाली.

"कशाला म्हंजे? पृथ्वी मोजायची हाय ना? आन् जमीन वाकडी ठेवू?"

मुलं हसली. खैरनारांनी गाडीतून लोखंडी गज काढला. सावळीरामांनी तो हातात घेऊन एका डोळ्याने न्याहाळला. "सरळ हाय. लेथवर काढला का?"

"लेथवर," खैरनार म्हणाले. त्या दोघांचं पहिलं संभाषण एवढंच.

रेडिओवरच्या वेळेला सगळ्यांनी घड्याळं जुळवली. बाराला मोजणी सुरू झाली. दर दोन मिनिटांनी ओंकार वेळ ओरडायचा, सृष्टी सावलीच्या टोकाला टिंब काढायची, दुसरं कुणी टेप धरायचं. मधे स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला तसं एका मुलीने विचारलं, "आजोबा, ही कुठे जाते?"

"ही भुसावळकडं. इथनं चारी दिशांना गाड्या जात्यात." सावळीरामांनी स्टेशनाकडे बोट केलं. "पंजाब मेल आत्ता फिरोजपूरला थांबते. पण माझे वडील हमाल होते ना स्टेशनावर, ते सांगायचे, फाळणीच्या आधी ती लाहोरवरनं पार पेशावरला जायची. इथं फलाटावर लाहोरची तिकिटं घेतलेली माणसं चहा प्यायची."

"इथे? मनमाडला?"

"मग? तुमची ती रेष आज काढली तुम्ही. रूळ पयलेच होते."

खैरनार भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होते.

बारा पस्तीसला घोटाळा झाला. टेप धरणाऱ्या मुलाचा पाय गजाला लागला आणि गज कलला. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं. सावळीराम ओळंबा घेऊन खाली बसले, पण एका हाताने गज आणि दुसऱ्याने दोरी, तोल जमेना. त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे वळत नव्हते. करुणा पुढे होणार तोच खैरनार आपल्या इस्त्रीच्या पँटवर मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गज धरला.

"डावीकडं. नाय, लय झालं. जरा परत. आता उत्तरेकडून बघतो. हां. धरा तसाच."

बारा एकोणचाळीसला गज पुन्हा ताठ उभा होता. माती दाबून झाल्यावरही खैरनार उठले नाहीत. तिथेच बसून त्यांनी मुलाच्या हातातला टेप घेतला. "तू वेळ सांग रे. टेप मी धरतो."

पुढची दहा मिनिटं अंगणात फक्त ओंकारचा आवाज होता. बारा बेचाळीस. बारा चव्वेचाळीस. बारा सेहेचाळीस. टिंबं एकमेकांच्या इतकी जवळ आली की पेन्सिलीला टोक करावं लागलं. सदुसष्ट सेंटिमीटर. बारा पन्नासला सावली लांबू लागली तेव्हा सृष्टीने श्वास सोडला.

"बारा सेहेचाळीस," ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये साडेबारा होतं. नाशिक आणि मनमाडमध्ये एवढा फरक कसा असेल?" पण तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती, आणि आतून भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता.

निरोप संध्याकाळी आला. सोमवारी करुणाने तो वर्गात वाचून दाखवला. "एकशे एक सेंटिमीटर. बारा वाजून सोळा मिनिटं."

"ते अर्धा तास मागे राहिले!" ओंकार म्हणाला.

"घड्याळ मागे आहे त्यांचं," सृष्टी सावकाश म्हणाली. "आपलं अर्धा तास पुढे असतं ना? मग तिकडचे बारा सोळा म्हणजे इकडचे बारा सेहेचाळीस. मिस, आपण टिंब काढलं तेव्हाच त्यांनी काढलं. त्याच मिनिटाला."

मग सगळे एकदमच बोलायला लागले.

त्रिकोण काढून कोन मोजले. इकडचा चौतीस अंश, तिकडचा साडेपंचेचाळीस. फरक साडेअकरा. अ‍ॅटलासवर अंतर भरलं साडेबाराशे किलोमीटर. उत्तर आलं एकोणचाळीस हजार एकशे तीस. खरा परीघ चाळीस हजार. बावीस मुलांनी बाकं बडवून काढली. ओंकार मात्र शेवटपर्यंत विचारत राहिला, "मग आठशे सत्तर किलोमीटर गेले कुठे?" लाहोरच्या मुलांचं उत्तर वेगळं आलं होतं, त्यांनी नकाशावर अंतर वीस किलोमीटर जास्त मोजलं होतं. ह्यावर पुढे महिनाभर दोन वर्गांत आकड्यांचं भांडण चाललं. पतंगांबद्दल एक अक्षर नाही, फक्त आकडे. तरी मुलं रोज निरोपाची वाट पाहायची.

खैरनार पालकसभेला आले तेव्हा त्यांनी करुणाला बाजूला घेतलं. तिला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

"मॅडम, त्यांनी टेप कोणता वापरला होता?"

"विचारलं नाही."

"विचारा. एक सेंटिमीटरचा फरक पडला असेल तर पाव अंश सहज जातो." ते निघाले, परत वळले. "भावाला सांगितलं मी. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सावली कितीची आली?"

वर्षअखेरीला करुणा प्रगतिपुस्तकं लिहायला बसली. सृष्टीच्या पुस्तकात काय लिहायचं, हे चटकन सुचलं. टेपवाल्या मुलाच्या पुस्तकात, चुकायची तयारी ठेवतं का ह्या रकान्यापुढे तिने लिहिलं, "पाय लागून गज कलला हे त्याने आपणहून सगळ्यांना परत परत सांगितलं, आणि पुढच्या वेळी टेप कुणी धरावा ह्याचा नियम स्वतः केला." देवस्थळींनी ते वाचलं आणि पुढच्या वर्षीचं नियोजन करायला तिलाच बसवलं. मनमाडची आता शाळेत सगळ्यांना माहिती होती. आठवीची मुलं तिला विचारायची, आम्हाला कधी नेणार?

मे महिन्यात ती सुट्टीला घरी गेली. अंगणातला कागद केव्हाच गेला होता, पण गज जागेवर होता. खैरनारांनी तो परत मागितला नव्हता. त्याच्याभोवती सिमेंट भरून सावळीरामांनी तो पक्का केला होता आणि भिंतीवर कोळशाने तारखा आणि वेळा लिहिल्या होत्या.

"हे बघ," ते म्हणाले. "तुम्ही आला तवा बारा सेहेचाळीस. मार्चअखेर बारा सदतीस. एप्रिलात बारा बत्तीस. काल बारा अठ्ठावीस. घड्याळ मी रोज रेडिओला लावतो, त्यात चूक नाय."

करुणा तारखा खालपासून वरपर्यंत वाचत गेली. डिसेंबरमधली सृष्टीची ती पाच मिनिटं तिला आठवली, जी आपण मोजण्याची चूक म्हणून सोडून दिली होती.

"बाबा, म्हणजे दुपार सरकते?"

"सरकती. जागा तीच, गज तोच. रेल्वेत चाळीस वर्षं काढली मी, गाडी लेट झाली की कारण लिहावं लागतं. ह्याचं कारण काय?"

"पुढच्या सत्राचा प्रश्न मिळाला," करुणा म्हणाली. तिने कोळसा उचलून आजची तारीख लिहिली. वेळेची जागा मोकळी ठेवली, कारण अजून अकराच वाजले होते. मग दोघं व्हरांड्यात चहा घेऊन बसली, आणि सावळीराम दर थोड्या वेळाने मान वाकडी करून सावली कुठवर आली ते पाहत राहिले.